जमवलेल्या वस्तू वापरता, की नुसत्या जपून ठेवता?

घडीमोड

बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. मला कपडे, साध्या माळा, केसांचे आकडे, बटणं, कपबशा असं काहीबाही जमवायचा नाद आहे. विकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. रात्री घर निजलं की एक कप्पा उघडायचा, चार वस्तू हातात घ्यायच्या, पुसायच्या, परत ठेवायच्या. त्यात मन रमतं.

गेल्या आठवड्यात आईची एक रेशमी साडी बाहेर काढली. ११ वर्षांपूर्वी तिने ती मला दिली, तेव्हा मी डांबरगोळ्या घालून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. खराब होईल म्हणून एकदाही नेसले नाही. परवा उलगडली तर प्रत्येक घडीवर चीर. कात्रीने कापावी तशी सरळ. पदर उचलला तर त्याच्या पट्ट्याच हातात आल्या. जरीची तार काळवंडलेली. कसर लागली नव्हती, पाणी शिरलं नव्हतं, उंदीर फिरकला नव्हता. आणि आईचीच दुसरी साडी, जी मी दोन-चार महिन्यांनी नेसत आले, ती धडधाकट आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून माझं मत झालंय की बंद करून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. तुम्ही काय जमवता, कसं ठेवता आणि वापरता का, ते सविस्तर लिहा. मला आता उरलेल्या तीन ट्रंका उघडायच्या आहेत आणि हात धजावत नाहीये.

उभाआडवा

वाचून जीव हळहळला. पण सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. रेशीम घडीवरच का तुटतं ते सांगतो, म्हणजे पुढचं ठरवायला सोपं जाईल.

धागा एकाच जागी वर्षानुवर्षं दुमडलेला राहिला की त्या रेषेवरचे तंतू ताणात राहतात. वरून बाकीच्या कपड्यांचं वजन, ट्रंकेतली उष्णता. रेशीम हळूहळू कोरडं, ठिसूळ होत जातं आणि पहिली मोडते ती घडीची रेषा. नेसली जाणारी साडी दरवेळी थोडी वेगळी दुमडली जाते, तिला हवा लागते. तुमच्या दुसऱ्या साडीचं गुपित बहुधा तेच.

जुन्या रेशमी कपड्यांत आणखी एक भानगड असते. कोशातून निघालेल्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. तो उकळून काढला की वजन साधारण २० ते २५ टक्क्यांनी घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर. म्हणून १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य कापडात कथलाचे क्षार भरून ते वजन परत आणायची रीत होती. असं भरलेलं रेशीम नवं असताना सुरेख सळसळतं, पण आतले क्षार त्याला खात राहतात. त्या काळातल्या झग्यांची अस्तरं म्हणूनच ठेवल्याजागी फाटलेली सापडतात. तुमच्या साडीचं तसंच झालं असं म्हणणं नाही. मात्र कुणी परदेशी जुना रेशमी कपडा जमवत असेल तर घेण्याआधी अस्तर पाहा.

आता करायचं काय? वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदात आम्ल असतं आणि शाई उतरते. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो. अनेकदा धुतलेली, खळ पूर्ण निघालेली मलमल उत्तम. घडीच्या आत त्याच मलमलीची सैल गुंडाळी ठेवा, म्हणजे कापड दुमडत नाही, वळतं. जागा असेल तर मलमल चढवलेल्या जाड नळीवर गुंडाळा. आणि घडी बदलत राहा. एकदा तीन पदरी, पुढच्या वेळी चार पदरी. हँगरला स्वेटरसारखे सुयांवर विणलेले कपडे आणि मणीकाम केलेले कपडे टांगू नका, स्वतःच्या वजनाने खांदे फाटतात.

लोकरीची गुंडी

डांबरगोळ्यांबद्दल थोडं. बाजारात दोन प्रकार मिळतात, नॅफ्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन. दोन्ही एकत्र आले की वितळून पाण्यासारखे होतात आणि कापडावर डाग पडतो. माझ्या एका शालीवर तसा डाग आहे, दोन वेगवेगळी पाकिटं एकाच कप्प्यात टाकल्यामुळे. त्यांची वाफ प्लास्टिकची बटणं आणि टिकल्याही मऊ करते. ठरावीक रक्तदोष असलेल्या तान्ह्या बाळांना तर नॅफ्थलीन धोक्याचं असतं, तेव्हा त्यातला कपडा न धुता बाळाला गुंडाळू नका.

मी गोळ्या सोडल्या. कसरीचा पतंग स्वतः काहीच खात नाही, खाते ती अळी. तिला हवं असतं केराटिन: लोकर, पिसं, फर. रेशीमही सोडत नाही. घामाचा किंवा अन्नाचा अंश असेल तर आधी तिथे जाते. सुती कपड्याला भोक पडलं असेल तर बहुतेक तिथे काहीतरी सांडलेलं असतं. म्हणून कपडा धुऊन, कडकडीत वाळवूनच ठेवायचा, डाग 'नंतर काढू' म्हणायचं नाही.

शंका आली तर शीतपेटी. कपडा पॉलिथिनच्या पिशवीत घालायचा, हवा काढून तोंड घट्ट बंद करायचं, उणे १८ अंशाला १४ दिवस ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीइतकी कोमट होऊ द्यायची, नाहीतर कापडावर दव धरतं. रंगाने चित्र काढलेलं कापड, लाकूड, हस्तिदंत यांना हा उपाय करू नका. आणि कपाट महिन्यातून एकदा उघडून झटका. कसरीला अंधार आणि निवांतपणा हवा असतो. तुम्ही वस्तू हलवत राहिलात तर ती तिथे नांदत नाही.

काचेपलीकडे

घडीमोड, तुमचं दुःख कळतं, पण 'वापरा म्हणजे टिकेल' हे मला सरसकट पटत नाही.

वापरलं की झिजतंच. घाम आम्लारी असो वा आम्लधर्मी, रेशमाला दोन्ही नको. शंभर वर्षांचा झगा अंगावर चढवला की बगलेची शिवण पहिल्या अर्ध्या तासात सुटते. उजेडाचंही तसंच. संग्रहालयांत नाजूक कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. लोकांना वाटतं कंजुषी आहे. पण उजेडाने गेलेला रंग परत येत नाही आणि त्याचा हिशेब साचत जातो. रोज थोडा उजेड दहा वर्षं काय आणि भर उन्हात काही आठवडे काय, नुकसानीच्या वहीत दोन्हीची नोंद होते. माझ्याकडे भिंतीवर चौकटीत लावलेला एक भरतकामाचा रुमाल आहे. मागची बाजू गडद जांभळी, पुढची राखाडी. तो मी लावला तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या.

म्हणून माझ्याकडे दोन कप्पे आहेत. एक वापरायचा, एक फक्त पाहायचा. एखादी वस्तू कुठल्या कप्प्यात जाईल हे मी तिच्या अवस्थेवरून ठरवतो, माझ्या इच्छेवरून नाही.

घडीमोड

काचेपलीकडे, हे मान्य. माझं वाक्य जरा बदलते. वापरा असं नाही, पण उघडा. वर्षातून दोनदा तरी वस्तूने तुमचा हात ओळखला पाहिजे. तुमच्या रुमालाची मागची बाजू तुम्ही पाहिलीत म्हणून तुम्हाला कळलं ना?

बटणांची बरणी

मी २० वर्षं बटणं, कंगवे आणि केसांच्या पिना जमवते. घडीमोड म्हणतात ते माझ्याकडे एका डब्यात अक्षरशः घडलं.

एका पत्र्याच्या डब्यात सहा कंगवे होते, कासवाच्या पाठीसारखे तपकिरी-पिवळे. सोबत पितळी पिना आणि दोन चिमटे. झाकण घट्ट. तीन वर्षांनी उघडलं तर आतून कापरासारखा आणि त्यामागे झोंबणारा वास आला. एक कंगवा चिकट होऊन आतून जाळी धरलेला, बोटाने दाबला तर साखरेच्या खड्यासारखा फुटला. पिना हिरव्या पडलेल्या. डब्याच्या झाकणाला आतून गंज.

ते कंगवे सेल्युलॉइडचे, म्हणजे अगदी सुरुवातीच्या प्लास्टिकचे होते. १८७० च्या सुमाराला अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी हे बाजारात आणलं, बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधता शोधता. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण. जुनं झालं की त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात. डबा बंद असेल तर त्या वाफा त्याच कंगव्याला खातात आणि शेजारच्या धातूलाही. एक बिघडला की बाकीचे पाठोपाठ जातात. आता माझे उरलेले पाच कंगवे उघड्या ताटलीत, मलमलीखाली, एकेकटे असतात. दर महिन्याला वास घेते. कापूर ठीक, झोंबणारा वास आला तर तो कंगवा वेगळा.

कळकळीची विनंती: ओळख पटवण्यासाठी तापलेली सुई टोचायचा सल्ला फिरत असतो, तो पाळू नका. सेल्युलॉइड भपकन पेट घेतं. बेकेलाइट हे जुनं टणक प्लास्टिक ओळखायचं असेल तर अंगठ्याने जोरात घासा, गरम झालं की औषधी, कार्बोलिकसारखा वास येतो. लिओ बेकलंड यांनी ते १९०७ मध्ये शोधलं आणि ते उष्णतेने वितळत नाही, म्हणून रेडिओच्या पेट्यांपासून बांगड्यांपर्यंत सगळीकडे गेलं.

शिंपल्याचं बटण ओळखायला तर काहीच लागत नाही. गालाला लावा. शिंपला गार लागतो आणि तसाच गार राहतो, प्लास्टिक लगेच अंगासारखं होतं. दोन बटणं तळहातावर खुळखुळवली तर शिंपल्याचा आवाज दगडाचा येतो. उलट बाजूला बहुधा खरबरीत सालीचा ठिपका राहिलेला असतो, कापणाऱ्याने तेवढा भाग दर्शनी बाजूला येऊ दिलेला नसतो. माझं सगळ्यांत आवडतं बटण असंच आहे. पुढून चांदण्यासारखं, मागून ओबडधोबड.

तांबूस

धातूंचं थोडक्यात. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. लोकर आणि रबर यांतून गंधक सुटतं, म्हणून चांदीचा चमचा लोकरीत गुंडाळू नका आणि रबरबँड तर कधीच नको, त्याचा काळा पट्टा निघत नाही. रंग आणि पट्टे नसलेलं मऊ सुती कापड बरं.

पितळ आंबट पदार्थाने घासलं की झळकतं खरं, पण आम्ल त्यातलं जस्त ओढून घेतं आणि पृष्ठभाग गुलाबी, पिठूळ होतो. आणि प्रत्येक घासणीला थोडा धातू जातोच. माझ्याकडच्या एका डबीवरची वेलबुट्टी आता बोटाला लागते, डोळ्यांना दिसत नाही. ती मीच घासून घालवली. तो गडद सायीसारखा थर राहू द्या. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसली तर ती वस्तू वेगळी ठेवा, तो रोग आहे आणि आत शिरत जातो.

पहिलं पान

मी नवीन आहे, प्रश्न विचारू का? लग्नात घेतलेले बूट सहा वर्षं खोक्यात होते. पहिल्यांदा घालून निघाले तर दहा पावलांत तळवा केकसारखा चुरला. आणि एका पर्सचा बंद इतका चिकट झालाय की धूळ बसली की निघत नाही. हे दुरुस्त होतं का?

उभाआडवा

तळवा पॉलियुरेथेनचा, म्हणजे फेसासारख्या हलक्या प्लास्टिकचा असणार. हवेतला ओलावा त्याच्या साखळ्या तोडत राहतो, तुम्ही घाला किंवा नका घालू. बनला त्या दिवसापासून त्याचं वय मोजलं जातं. तळवा नवीन बसवता येतो, जुना वाचत नाही. बंद बहुधा पीव्हीसीचा आहे. तो मऊ राहावा म्हणून घातलेला तेलकट पदार्थ पृष्ठभागावर आलाय. कोमट साबणपाण्याने पुसा, काही दिवस बरं वाटेल. दुसऱ्या प्लास्टिकला टेकवून मात्र ठेवू नका, दोन्ही एकमेकांना चिकटतील. या दोन वस्तूंच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे: आवडतात ना, मग आजच वापरा. ठेवून काही मिळणार नाही.

उसवलेली शिवण

जमवण्यातली माझी खरी मजा वस्तू किती जुनी हे शोधण्यात आहे. कपडा हाती आला की मी आधी उलटा करते. विकणारा काहीही सांगो, शिवण खोटं बोलत नाही.

चेन पाहा. आपण आज वापरतो ती चेन गिडियन संडबॅक यांच्या १९१३ च्या रचनेवरून आली, पेटंट १९१७ चं. कपड्यांत ती सर्रास यायला १९३० चं दशक उजाडलं. धातूचे दात असतील तर जुनी असण्याची शक्यता जास्त, नायलॉनच्या वेटोळ्याची चेन १९६० च्या दशकापासून पसरली. पण चेन बदललेली असू शकते, म्हणून तिच्या कडेचे टाके आणि बाकीचे टाके एकाच दोऱ्याचे आहेत का ते बघायचं. धुण्या-इस्त्रीची चिन्हं असलेली पट्टी असेल तर कपडा सहसा १९६० च्या दशकाआधीचा नसतो, ती चिन्हं ठरवणारी संस्था पॅरिसमध्ये १९६३ साली स्थापन झाली. नायलॉन १९३५ चं आणि त्याचे मोजे अमेरिकाभर विक्रीला आले १५ मे १९४० ला, तेव्हा '१९२० चे नायलॉनचे मोजे' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघायचं. भडक जांभळा रंगही सांगतो. विल्यम पर्किन यांनी १८ व्या वर्षी, १८५६ मध्ये, क्विनाइन बनवायला जाऊन तो पहिला कृत्रिम रंग काढला. त्याआधी असा जांभळा परवडणारा नव्हता.

धाग्याची जात कळत नसेल तर आतल्या शिवणीतला एक तंतू चिमट्यात धरून पेटवा, पाण्याच्या ताटलीवर. जळक्या केसांचा वास आणि चुरडली जाणारी राख म्हणजे रेशीम किंवा लोकर. जळक्या कागदाचा वास म्हणजे सूत. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉनसारखा कृत्रिम धागा.

खणखण

कपबशावाले कुणीच बोलेनात म्हणून मी.

कप तळहातावर ठेवा आणि कडेला नखाने हलकी टिचकी मारा. अखंड चिनी माती खणकन वाजते आणि नाद रेंगाळतो. बद्द वाजला तर केसासारखी चीर आहे, दिसो वा न दिसो. मग उजेडासमोर धरून मागे बोट फिरवा. बोटाची सावली दिसली तर पोर्सलीन, नाही दिसली तर बहुधा साधी भाजलेली माती.

तळाच्या खुणेवर फार विसंबू नका. जर्मनीतला माइसेनचा पोर्सलीनचा कारखाना १७१० चा, त्याच्या खुणेतल्या निळ्या, फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या तलवारी १७२० च्या दशकापासूनच्या, आणि त्यांची नक्कल तितकीच जुनी. त्यापेक्षा तळाला देशाचं इंग्रजी नाव आहे का ते उपयोगी पडतं. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून निर्यातीच्या मालावर ते दिसू लागलं. 'ऑक्युपाइड जपान' (महायुद्धानंतर परक्या ताब्यातला जपान) लिहिलेलं असेल तर माल १९५२ पर्यंतचा.

मी माझे कप वापरतो. रोज सकाळी वेगळा. पण झिलईला बारीक जाळं पडलेली किंवा आतून चकचकीत रंग असलेली जुनी भांडी खाण्यापिण्याला घेत नाही, रंगात आणि झिलईत शिसं, कॅडमियम असू शकतं. त्यांत पेन्सिली ठेवतो. आणि कप कधीच कानाला धरून उचलत नाही, दुरुस्त केलेला कान कधी सुटेल सांगता येत नाही. एकावर एक ठेवताना मध्ये लोकरी कापडाची चकती.

लोकरीची गुंडी

खणखण, लोकरीऐवजी सुती चकती घ्या. माझ्या ओळखीच्या एका कपाटात कसर कपबशांमधूनच शिरली होती.

खणखण

हे लक्षात आलं नव्हतं. आजच बदलतो.

काचेपलीकडे

एक राहिलंच. जमवलेल्या प्रत्येक वस्तूसोबत तिची हकीकत लिहून ठेवा. कुणाची, कुठून आली, कधी. पेन्सिलीने, शाईने नाही. चिठ्ठी टाचणीने लावू नका, गंजते, सुती दोऱ्याने सैल बांधा. माझ्याकडे चाळीसेक वस्तू अशा आहेत की ज्या मला कुणी दिल्या ते मी विसरलो. त्या सुंदर आहेत, पण मुक्या आहेत.

घडीमोड

तीन ट्रंका उघडल्या. एकीत सगळं ठीक. दुसरीत एका शालीला कसर, ती आता शीतपेटीत आहे, आज चौथा दिवस. तिसरीत बटणांच्या डबीतून कापराचा वास आला, बरणीताई, डबी लगेच उघडी केली.

आईची साडी शिवायला दिली नाही. चिरा इतक्या की सुई लागली तरी शेजारी फाटेल. जमिनीवर चादर अंथरली, तिच्यावर साडी सपाट पसरली, मलमलीच्या गुंडाळ्या घालून सैल वळवली. पदराशी नाण्याएवढा एक तपकिरी डाग होता. तो डांबरगोळ्यांचाच असणार असं धरून मी स्वतःला आणखी बोल लावत होते. काल आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, तू सहा महिन्यांची होतीस, खोकल्याचं औषध पाजताना तू चमच्याला हात मारलास, त्याचा डाग आहे तो. तेव्हापासून धुऊन गेला नाही म्हणून तिने ती बाजू नेहमी आत दुमडून नेसली.

हे पेन्सिलीने कागदावर लिहिलं आणि साडीखाली ठेवलं. त्याखाली दोन रकाने आखले, घडी बदलल्याची तारीख आणि घडी कशी केली. पहिली ओळ भरली आहे.